पंचनाम्यातली बंदूक

बेकायदा शस्त्रसाठा म्हणजे नेमकी किती शस्त्रे, हे शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये कुठेही सांगितलेले नाही. उशाखाली दडवलेला एक गावठी कट्टा असो की जीपच्या टपात केलेल्या चोरकप्प्यातल्या दोन डझन रायफली असोत, या कायद्याचे कलम ३ एवढेच विचारते की बाळगणाऱ्याकडे बंदुकीचा परवाना आहे का. तो नसेल तर पहिल्याच बंदुकीला गुन्हा पुरा होतो आणि पुढच्या बंदुका त्याचे गांभीर्य तेवढे वाढवतात. वर्तमानपत्रांचा हिशेब मात्र नगांवर चालतो. टेबलावर चादर अंथरून ओळीने मांडलेली हत्यारे, मागे उभे असलेले पथक आणि वर ‘मोठा शस्त्रसाठा जप्त’ असा मथळा, हे छायाचित्र वाचकांच्या इतके अंगवळणी पडले आहे की कारवाई तिथेच संपली, अशी समजूत सहज होऊन बसते. न्यायालयापुढे जाते ती पंचनाम्यातली बंदूक, आणि टेबलावरची व पंचनाम्यातली बंदूक एकच आहे हे शाबीत करण्यात खटल्याची बरीचशी ताकद खर्ची पडते.

नगांच्या हिशेबाने किती फसगत होते, याचे उदाहरण डोंबिवलीचे आहे. जानेवारी २०१९ मध्ये तेथील फॅशनच्या वस्तूंच्या एका दुकानावर कल्याण गुन्हे शाखेने छापा घालून १७० शस्त्रे जप्त केली, आणि दुकानदार एका राजकीय पक्षाचा पदाधिकारी निघाल्यामुळे बातमी राज्यभर गाजली. पण त्या १७० नगांत तलवारी, सुरे, कुकऱ्या, मुठीत घालून मारायची फाइटर असाच माल बहुसंख्य होता, आणि बंदूक म्हणावी अशी वस्तू शोधली तर एअरगनपाशी येऊन थांबावे लागत होते. धारदार हत्यारांसाठी कायद्याच्या नियमांत मापच ठरवून दिले आहे: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असेल तर ते शस्त्र, मात्र घरकाम, शेती, शास्त्रीय प्रयोग किंवा कारखानदारी यांसाठी घडवलेली साधने त्यातून वगळलेली. पुण्यातल्या टोळ्यांच्या हाती कोयता इतका का दिसतो, याचे एक उत्तर या अपवादात दडलेले असावे. कोयता हे ऊसतोड मजुराचे रोजचे अवजार आहे. ते बाजारात उघड मिळते आणि हातात कोयता असणे एवढ्यावरून हेतू ठरत नाही. अशा वेळी पोलीस महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालील मनाई हुकुमाचा आधार घेतात, ज्यात ठरावीक मुदतीपुरती शस्त्रसदृश वस्तू घेऊन फिरण्यास बंदी असते. बंदुकीच्या बाबतीत अशी संदिग्धता नसते, आणि म्हणूनच खऱ्या अर्थाने शस्त्रसाठा म्हणायचा तो बंदुकांचाच.

महाराष्ट्रात अशा साठ्यांचा विचार करताना चांदवडचे नाव दोनदा येते, हा योगायोग असला तरी रस्त्यांचा नकाशा पाहिला की तो तितकासा नवलाचा राहत नाही. होळकरांच्या रंगमहालामुळे ओळखले जाणारे हे नाशिक जिल्ह्यातले तालुक्याचे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे, येथूनच मनमाडकडे आणि पुढे मराठवाड्याकडे रस्ता फुटतो, आणि उत्तरेकडून मुंबईकडे जाणाऱ्या बहुतेक वाहनांना मालेगाव ओलांडले की हा टप्पा चुकत नाही. मे २००६ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने खबर मिळाल्यावरून चांदवड-मनमाड मार्गावर एक टाटा सुमो आणि एक इंडिका अशा दोन गाड्यांचा पाठलाग केला. सुमोतून १० एके-४७ रायफली, ३० किलो आरडीएक्स आणि ३,२०० काडतुसे हाती लागली, इंडिका मात्र निसटली. पुढच्या काही दिवसांच्या झडत्यांतून हा आकडा १६ रायफली, ४३ किलो आरडीएक्स आणि ५० हातबॉम्ब इथवर गेला. ‘औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण’ या नावाने ओळखला जाणारा खटला तो हाच.

दुसरे प्रकरण डिसेंबर २०१७ चे. उत्तर प्रदेशातील बांदा येथील बंदुकांचे परवानाधारक दुकान फोडून पळवलेला माल एका बोलेरोतून मुंबईकडे येत होता, आणि त्यात सुमारे दोन डझन रायफली, दीड डझनाच्या आसपास रिव्हॉल्व्हर व पिस्तुले आणि चार हजारांहून अधिक काडतुसे होती. एवढा ऐवज शेकडो किलोमीटर बिनबोभाट आला आणि मालेगाव परिसरातल्या पेट्रोल पंपावर अडकला, कारण गाडीतल्यांनी इंधनाचे पैसे दिले नाहीत. पंपावरून पोलिसांना कळवले गेले, चांदवडच्या टोलनाक्यावर नाकाबंदी लागली आणि झडती घेताना गाडीतला चोरकप्पा उघडा पडला. पहिल्या प्रकरणात गुप्त वार्ता, पाळत, पाठलाग अशी सगळी यंत्रणा राबली होती; दुसऱ्यात हजार-दोन हजारांच्या डिझेलवरून झालेल्या वादाने तेच काम केले. पोलिसी यशाच्या बातम्यांत या दुसऱ्या प्रकारचे प्रमाण वाचकाला वाटते त्याहून बरेच मोठे असते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही; नाका लावलेला नसता तर वाद पंपावरच संपला असता.

जप्तीच्या क्षणापासून बंदुकीचे दुसरे आयुष्य सुरू होते आणि ते पूर्णपणे कागदावरचे असते. झडतीपूर्वी दोन पंच बोलावले जातात. पंच म्हणजे पोलिसांशी संबंध नसलेली, शक्यतो त्याच परिसरातली प्रतिष्ठित माणसे, ज्यांच्या डोळ्यांदेखत झडती होते आणि जी तिच्या लेखी वृत्तान्तावर, म्हणजे पंचनाम्यावर, सही करतात. बंदूक कापडाने धरून उचलायची, मॅगझीन वेगळे करायचे, नळीत गोळी अडकलेली नाही ना हे पाहायचे, मग मोजपट्टीने नळी, मूठ आणि एकूण लांबी मोजायची, धातू कोणता, मुठीला लाकूड आहे की प्लास्टिक, कोणती अक्षरे कोरली आहेत, क्रमांक आहे की घासून काढला आहे, हे सारे एकेक करून लिहायचे. पंचनाम्यात वस्तूची अंदाजे किंमत लिहिण्याची पद्धत बंदुकीलाही लागू होते, त्यामुळे ज्या वस्तूची उघड विक्रीच होऊ शकत नाही तिचा बाजारभाव सरकारी कागदावर नमूद झालेला आढळतो. मग प्रत्येक नग खाकी कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, गाठीवर लाख ओतून त्यावर सील उठवले जाते आणि आत पंचांच्या व अंमलदाराच्या सह्यांचे लेबल टाकले जाते. पोलीस ठाण्यात आल्यावर तो नग मुद्देमाल नोंदवहीत चढतो; मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यासंबंधी जप्त केलेली प्रत्येक वस्तू, आणि ती सांभाळणारा मुद्देमाल कारकून हा खटल्यातला अत्यंत महत्त्वाचा, पण बातमीत कधीच न दिसणारा माणूस.

बचाव पक्षाचे वकील हल्ला करतात तो याच साखळीवर. सील कोणाचे होते, ते उठवल्यावर कोणाच्या ताब्यात राहिले, जप्तीपासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मधले दिवस नग कुठे होता, तो घेऊन जाणाऱ्या शिपायाची साक्ष का नोंदवली नाही, पंचनाम्यात ‘काळ्या रंगाचे’ पिस्तूल लिहिले आहे आणि न्यायालयात उघडलेल्या पाकिटातून राखाडी कसे निघाले, असे प्रश्न ऐकताना त्रयस्थाला ते शब्दच्छल वाटतात. तरी ते रास्त आहेत. बंदूक ही कोणाच्याही घरात ठेवता येणारी वस्तू आहे, आणि ती खरोखर आरोपीकडेच सापडली याचा पोलिसांच्या शब्दापलीकडचा पुरावा पंचनामा हाच असतो. त्यात पंच फितूर झाले, म्हणजे सही आपली असली तरी आपल्यासमोर काहीच घडले नाही असे साक्षीत म्हणाले, तर सगळा भार तपासी अधिकाऱ्याच्या एकट्याच्या साक्षीवर येऊन पडतो. पोलीस ठाण्याच्या आसपासची तीच ती माणसे वर्षानुवर्षे पंच म्हणून नेण्याच्या सवयीने या व्यवस्थेचे जेवढे नुकसान केले, तेवढे कोणत्याही निष्णात वकिलाने केले नसेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे; पंचांचे काम त्यामुळे संपलेले नाही, पण त्यांच्या स्मरणशक्तीवरचा ताण बराच हलका व्हावा.

प्रत्येक साठा झडतीतच मिळतो असे नाही. पुष्कळदा तो अटकेतला आरोपी ‘काढून देतो’. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हा भारतीय पुराव्याच्या कायद्याचा जुना दंडक. त्याला अपवाद एवढाच की आरोपीने सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या माहितीपैकी वस्तूच्या शोधाशी थेट निगडित असलेला भाग तेवढा ग्राह्य धरला जातो. १८७२ च्या कायद्यात हे कलम २७ होते आणि आज ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये गेले आहे. त्याची मर्यादा प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टया खटल्यात आखून दिली होती व ती अजून पाळली जाते. ‘बंदूक मी विहिरीत टाकली, ती दाखवतो’ हे चालते, ‘त्याच बंदुकीने मी अमक्याला मारले’ हे चालत नाही.

विहिरीचे उदाहरण येथे कल्पनेने घेतलेले नाही. बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातल्या बरदह गावात सप्टेंबर २०१८ मध्ये पोलिसांनी विहीर उपसली तेव्हा तिच्या तळातून १२ एके-४७ रायफली निघाल्या. त्याआधी ऑगस्टअखेरीस जमालपूर येथे एका माणसाकडे अशा ३ रायफली सापडल्या होत्या आणि त्याच्या तपासातून धागा थेट मध्य प्रदेशात जबलपूरच्या लष्करी आयुध भांडारापर्यंत गेला. तेथून निवृत्त झालेला एक आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा कारागीर, आणि भांडारातील काही माणसे यांनी मोडीत काढण्यासाठी आलेल्या रायफली व त्यांचे सुटे भाग बाहेर काढून, जुळवून, मुंगेरमार्गे विकल्याचा आरोप ठेवण्यात आला. प्रकरण पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेले. लष्कराच्या दृष्टीने त्या रायफली भंगार होत्या. एका रायफलीची नळी, दुसरीचा बोल्ट, तिसरीचा दस्ता असे जमवून भंगारातून चालती बंदूक उभी करण्याचे कसब मात्र मुंगेरमध्ये अडीचशे वर्षांचे आहे.

बंगालचा नवाब मीर कासिम याने इंग्रजांच्या सावलीतून दूर जाण्यासाठी राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलवली आणि गुर्गिन खान या आर्मेनियन सेनापतीच्या देखरेखीखाली तेथे तोफा व बंदुकांचा कारखाना काढला, ही गोष्ट १७६० च्या दशकाच्या आरंभीची. नवाब बक्सारच्या लढाईनंतर देशोधडीला लागला. कारागीर तेथेच राहिले. ब्रिटिश अमदानीत आणि स्वातंत्र्यानंतरही मुंगेरमध्ये परवानाधारक बंदूक-उत्पादक होते, बारा बोअरच्या एकनळी-दुनळी बंदुका सरकारी कोट्यानुसार तेथे बनत. पुढे परवाने मिळणे अवघड झाले, मागणी आटली आणि हातात कला असलेल्या माणसांच्या चुली विझू लागल्या. त्यांतल्या काहींनी तीच कला घराच्या मागच्या खोलीत नेली. बेकायदा बंदुकीच्या वंशावळीत मागे मागे गेले तर बहुतेक वेळा एखादी कायदेशीर नोंदवही लागते: कुठे भांडाराची, कुठे दुकानाची, कुठे कारागिराच्या आजोबांच्या परवान्याची.

महाराष्ट्राला मुंगेरपेक्षा जवळचे नाव आहे उमर्टी. जळगाव जिल्ह्याचा चोपडा तालुका आणि मध्य प्रदेशचा बडवानी जिल्हा यांच्या सीमेवर, सातपुड्याच्या कुशीत हे गाव आहे. जळगाव, धुळे, नाशिक, पुणे येथील गुन्हे शाखांच्या कारवायांत पिस्तुलाचा उगम म्हणून ते सतत येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर पुणे शहर पोलिसांचे मोठे पथक थेट तेथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त करून आले. येथील घडवणारे बहुतांशी शिकलगर शीख समाजातले आहेत. शिकलगर हा शब्द शस्त्रांना पाणी व झिलई देणारा या अर्थाच्या मूळ अरबी शब्दावरून आला, आणि शीख गुरूंच्या फौजांना शस्त्रे पुरवल्याचा अभिमान हा समाज आजही बाळगतो. त्यांच्यातली फार मोठी संख्या चाव्या-कुलपे, लोखंडी अवजारे, भांडी यांवर पोट भरते, आणि संपूर्ण समाजावर कट्ट्याचा शिक्का मारल्यामुळे ज्यांना दुसरा धंदा करायचा आहे त्यांनाही कोणी उभे करत नाही, हे पोलिसी यशाच्या बातम्यांतून सहसा कळत नाही.

गावठी शस्त्रांतही प्रतवारी आहे. कट्टा हा एका वेळी एकच गोळी उडवणारा. त्याची नळी गाडीच्या स्टिअरिंगचा दांडा किंवा जाड लोखंडी पाइप कापून केलेली, आतून गुळगुळीत, आणि चार-सहा बार काढल्यावर ती फुटून वापरणाऱ्याचीच बोटे जाण्याचा संभव असतो. उमर्टी व मुंगेरची पिस्तुले याच्या कितीतरी पुढची; त्यांना मॅगझीन असते, ती बहुधा ७.६५ मिलिमीटरची गोळी घेतात आणि त्यांच्या अंगावर ‘मेड इन यूएसए’ अशी अक्षरे ठोकलेली असतात, ज्यांतले एखादे अक्षर चुकलेले असले की ती कोठे घडली हे तज्ज्ञाला पाहताक्षणी कळते. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत या सर्वांना मिळून ‘घोडा’ म्हणतात. बंदूक घरगुती भट्टीत घडू शकते, पण गोळी घडवणे इतके सोपे नाही: काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी आणि आतली धूरविरहित दारू यांना रासायनिक कारखानाच लागतो. म्हणून जप्त काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे वारंवार दिसतात. ही खूण पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याची, जो १८६९ पासून चालू आहे; तेथे बनलेली काडतुसे परवानाधारकांसाठी दुकानांत जातात आणि परवानाधारकाच्या किंवा दुकानदाराच्या हातून गळून कट्ट्यात येतात. बंदुकांवर जेवढे छापे पडतात त्याच्या निम्मे लक्ष काडतुसांच्या खरेदी-विक्रीच्या वह्यांवर दिले गेले, तर पुष्कळ कट्टे नुसतेच लोखंड होऊन पडतील.

महाराष्ट्रात जप्त झालेली बंदूक तपासणीसाठी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाते. मुंबईत ती कलिना येथे आहे, आणि पोलीस तिच्या अहवालाला अजूनही ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. तेथे पहिला प्रश्न असतो, ही वस्तू बंदूक आहे का, म्हणजे ती चालते का. त्यासाठी पाण्याच्या टाकीत किंवा कापूस भरलेल्या पेटीत प्रत्यक्ष गोळी झाडली जाते. दुसरा प्रश्न, गुन्ह्याच्या जागी मिळालेली गोळी किंवा पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेले पितळी कवच, याच बंदुकीतून आले का. कारखान्यात बनलेल्या नळीला आतून सर्पिल खाचा पाडलेल्या असतात, एके-४७ ला उजवीकडे वळणाऱ्या चार, जेणेकरून गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जावी. त्या खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात आणि दोन गोळ्या शेजारी शेजारी दाखवणाऱ्या तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली ते जुळवता येतात. कट्ट्याची नळी गुळगुळीत असल्यामुळे ही सोय उरत नाही. तेथे पुंगळी कामी येते: टोपीवर आदळणारी टोचणी कानशीने हाताने घासलेली असते, दोन कारागिरांच्याच काय, एका कारागिराच्या दोन टोचण्याही सारख्या नसतात, आणि तिचा खळगा पुंगळीच्या बुडावर हुबेहूब उठतो. हातकामाचा ओबडधोबडपणाच अशा रीतीने ओळखपत्र ठरतो.

चोरलेल्या बंदुकीचा क्रमांक घासून काढला असला तरी तो पुष्कळदा परत वाचता येतो, आणि ही प्रक्रिया पाहण्यासारखी असते. क्रमांक ठोकताना ठशाच्या दाबाने केवळ वरचा पृष्ठभाग नव्हे, तर खालचा पोलादाचा थरही दबून त्याची घडण बदलते. वरचे अंक कानशीने गेले तरी तो दबलेला थर शिल्लक राहतो. घासलेली जागा आरशासारखी गुळगुळीत करून तिच्यावर आम्ल व ताम्रक्षार यांचे मिश्रण बोळ्याने हलके फिरवत राहिले की दबलेला भाग आणि न दबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतात, आणि काही मिनिटांनी मळकट अंक पृष्ठभागावर तरंगू लागतात. ते टिकत नाहीत, म्हणून दिसताक्षणीच त्यांचे छायाचित्र घ्यावे लागते. बांद्यासारख्या चोरीत दुकानाच्या साठा-नोंदवहीत प्रत्येक बंदुकीचा क्रमांक असतोच. प्रयोगशाळेत उमटलेला अंक त्या वहीत सापडला की चोरी आणि जप्ती एका सुतात ओवली जाते.

अहवाल आला तरी खटला लगेच चालत नाही. कलम ३ खालच्या गुन्ह्यासाठी कलम ३९ अन्वये जिल्हा दंडाधिकाऱ्याची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याची, पूर्वमंजुरी लागते. मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयांच्या हद्दीत हा अधिकार पोलीस आयुक्तांचा. अधिकाऱ्याने कागदपत्रे पाहून, विचार करून मंजुरी दिली असे दिसावे लागते, आणि जुन्या मंजुरीतला मजकूर नाव-क्रमांक बदलून तसाच उतरवला गेला, तर त्या एका पानावरून सगळे प्रकरण अडचणीत येऊ शकते. शिक्षेचे गणित शस्त्राच्या जातीवर बसते. बोअर म्हणजे नळीचे अंतर्गत माप. त्यांपैकी काही मापे लष्कर व पोलिसांसाठी राखीव, म्हणजे ‘प्रतिबंधित’, आणि आपोआप लागोपाठ गोळ्या झाडणारी शस्त्रे तर प्रतिबंधितच. डिसेंबर २०१९ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनंतर साधी बंदूक विनापरवाना बाळगण्यास २ ते ५ वर्षे, प्रतिबंधित शस्त्र बाळगण्यास ७ ते १४ वर्षे, आणि बेकायदा उत्पादन व विक्रीस ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. नव्या संहितेत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे हे ७ वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांतच आवश्यक केले असल्यामुळे, साध्या कट्ट्याच्या नेहमीच्या प्रकरणात सारी मदार पूर्वीसारखीच अंमलदाराच्या मोजपट्टीवर राहते.

बंदूक हाती लागलीच नाही, तरी दोषसिद्धी होऊ शकते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेता संजय दत्त याच्यावरील एके-५६ रायफलीचा आरोप असाच होता. रायफल नष्ट करण्यात आली होती आणि पोलिसांना तिची स्प्रिंग व दांडी तेवढी मिळाली. दहशतवादाच्या आरोपांतून तो सुटला, शस्त्र कायद्याखाली मात्र दोषी ठरला, आणि मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ वर्षांची शिक्षा ५ वर्षांवर आणून कायम केली. स्वसंरक्षणासाठी बाळगली हा बचाव विनापरवाना शस्त्राला लागू पडत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने कायदेशीर बंदुकांचीही गणती बदलली. एका परवानाधारकाला पूर्वी ३ बंदुका ठेवता येत, आता २. वारसाने आलेल्या बंदुकाही याच मर्यादेत धरायच्या, आणि जास्तीची बंदूक वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. ज्या घराण्यांत शिकारीच्या रायफली, दुनळ्या, जुने रिव्हॉल्व्हर पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर आहेत, त्यांच्यापुढे यामुळे नवाच पेच उभा राहिला. कलम ४५ मध्ये पुराणवस्तूंना सूट आहे, पण ती जुनेपणावर अवलंबून नाही. शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशी अट तिला जोडलेली आहे. ठासणीची बंदूक शंभर-दीडशे वर्षांची असली तरी तिची नळी साफ असेल आणि चाप चालत असेल, तर ती दिवाणखान्याची शोभा आहे एवढ्याने सूट मिळत नाही. संग्राहक आणि गुन्हेगार यांच्यातली रेघ अशी फार बारीक आहे, आणि ती हेतूपेक्षा परवान्याच्या तारखेवर अधिक ओढली जाते.

औरंगाबाद प्रकरणाचा निकाल लागायला दहा वर्षे लागली. निसटलेली इंडिका चालवत असल्याचा ज्याच्यावर आरोप होता तो गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल २०१२ मध्ये सौदी अरेबियातून भारताच्या ताब्यात आला. मुंबईच्या विशेष न्यायालयाने २८ जुलै २०१६ रोजी २२ पैकी १२ आरोपींना दोषी ठरवले, १० जणांना सोडले. संघटित गुन्हेगारीचा कायदा, म्हणजे मोक्का, कोणालाच लागू होत नाही असा निर्णय दिला, आणि २ ऑगस्टला जुंदालसह सात जणांना मरेपर्यंत जन्मठेप, दोघांना १४ वर्षे व तिघांना ८ वर्षे अशा शिक्षा सुनावल्या. टेबलावर मांडलेला साठा सगळ्यांचा एकच होता. कोणाचा त्याच्याशी किती संबंध, हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे सिद्ध करावे लागले आणि दहा जणांच्या बाबतीत ते झाले नाही.

स्फोटके फार काळ सांभाळणे धोक्याचे असल्याने नमुना राखून ती न्यायालयाच्या परवानगीने लवकर निकामी केली जातात. बंदुका मात्र अपिलांची मुदत उलटेपर्यंत मुद्देमाल कक्षात पडून राहतात. दोषसिद्धीनंतर कलम ३२ खाली न्यायालय त्या सरकारजमा करू शकते, आणि मग त्या मोडून वितळवल्या जातात. चोरीच्या बंदुकीची वाट वेगळी. तिला कायदेशीर मालक असतो. बंदुकांच्या दुकानात विक्रीच्या मालाबरोबर परगावी जाणाऱ्या, परवान्याचे नूतनीकरण रखडलेल्या किंवा वारसा ठरायच्या असलेल्या माणसांनी ठेवीदाखल दिलेल्या बंदुकाही असतात. अशा मालकाला आपली दुनळी परत हवी असेल तर तिचा क्रमांक, परवाना आणि दुकानाची पावती घेऊन, ज्या जिल्ह्यात ती जप्त झाली तेथल्या न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर झाला की मुद्देमाल कारकून लाखेचे सील तोडून, नोंदवहीत त्याची सही घेऊन बंदूक त्याच्या हवाली करतो.